नव्या घराचे फर्निचर : साग की प्लाय, हे ठरवण्याआधी भिंतीची ओल पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बदलापूरला सातव्या मजल्यावर आपले नवे घर आहे, एप्रिलमध्ये ताबा मिळणार आहे आणि अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा आहे. एका कंत्राटदाराने ४५ दिवसांत संपूर्ण घराचे फर्निचर, म्हणजे दोन्ही खोल्यांत भिंतभर कपाटे, बॉक्सचा पलंग, टीव्हीची भिंत, सोफा आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, एकरकमी करून देण्याचे सांगितले आहे. घरात आठ महिन्यांचे बाळ आहे. संगमेश्वरच्या घरी आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट पडून आहे. ते आणावे की नाही हे ठरत नाही. आणि शेवटी आपण विचारले आहे की साग, प्लाय आणि दुकानातले तयार फर्निचर यांपैकी टिकते काय.

मी गेली सुमारे तीस वर्षे ठाणे, कल्याण, अंबरनाथ या पट्ट्यात फर्निचर बनवतो आहे आणि दुरुस्तही करतो आहे. दुरुस्तीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण कोणती वस्तू किती टिकते हे बनवताना कळत नाही. आठ-दहा वर्षांनी ती उघडावी लागते तेव्हा कळते. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नातला शेवटचा भाग खरे तर दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हा आहे की ही वस्तू कोणत्या भिंतीला, कोणत्या फरशीवर आणि कोणत्या महिन्यात लागणार आहे. आपल्या भागात फर्निचर वापरून झिजत नाही, ते ओलीने जाते. वाळवी, बुरशी, फुगलेल्या फळ्या, सुटलेला सनमायका, गंजलेल्या बिजागऱ्या या सगळ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणीच सापडते.

काही गोष्टी मला येथून सांगता येणार नाहीत. आपल्या इमारतीचे बांधकाम किती काळजीपूर्वक झाले आहे, गिलावा होऊन किती महिने लोटले आहेत, कोणत्या खोलीला न्हाणीघराची भिंत लागून आहे, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोलणे बरोबर नाही. म्हणून जिथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे ती परिस्थिती आपण कशी तपासावी हे सांगतो.

नवी इमारत कोरडी दिसली तरी तिच्या अंगात पाणी असते. काँक्रीटमध्ये पाणी, विटा-ब्लॉकच्या जोडकामात पाणी, गिलाव्यात पाणी, आणि त्यावर दिवसेंदिवस मारलेले पाणी. हे सगळे हळूहळू बाहेर पडत असते, आणि त्याच वेळी आपण त्या भिंतीवर पुट्टी, रंग आणि वरून कपाट चढवतो. भिंतभर कपाट करताना पुष्कळ कंत्राटदार कपाटाला स्वतंत्र पाठ लावतच नाहीत. भिंतच पाठ म्हणून वापरतात, किंवा ६ मिलिमीटरची फळी थेट भिंतीला ठोकतात. त्यामुळे भिंतीतून निघणारा दमटपणा बाहेरच्या हवेत न जाता आपल्या कपड्यांत जातो. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये कपाट उघडल्यावर जो कुबट वास येतो आणि काळ्या कोटावर पांढरी बुरशी दिसते, तिचे कारण प्लायची प्रत नसून ही मागची भिंत असते.

यासाठी एक साधी तपासणी आपण स्वतः करू शकता. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड-दोन फूट चौरस तुकडा घ्या आणि तो संशयित भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पूर्ण बंद करून लावा. दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरले असेल किंवा त्याखालचा रंग शेजारच्या रंगापेक्षा गडद दिसत असेल, तर त्या भिंतीला अजून काही लावू नका. ही तपासणी किमान तीन ठिकाणी करा: न्हाणीघराला लागून असलेली शयनगृहाची भिंत, खिडकीच्या खालचा कोपरा आणि पश्चिम किंवा दक्षिण बाजूची बाहेरची भिंत. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे सातव्या मजल्यावर पश्चिम-दक्षिणेच्या भिंतींवर पावसाचा जो मारा होतो तो पूर्वेच्या भिंतीला कधीच होत नाही. आपण दिवाणखाना पश्चिमेला असल्याचे लिहिले आहे, म्हणून टीव्हीची भिंत कोणती हे आधी पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

एप्रिलमधली कोरडी भिंत मात्र जुलैची हमी देत नाही. खिडकीच्या चौकटीभोवतालची फट, बाहेरच्या गिलाव्यातली बारीक भेग, वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची गळती या गोष्टी पहिला पावसाळाच दाखवतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की नव्या इमारतीत बाहेरच्या भिंतींना आणि न्हाणीघराच्या भिंतीला पहिला पावसाळा उघडे ठेवावे. यात कायद्याचाही एक मुद्दा आहे. स्थावर संपदा अधिनियम २०१६, ज्याला आपण रेरा म्हणतो, त्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष लक्षात आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. परंतु दोष लक्षात यायला भिंत दिसली पाहिजे. तिच्यावर आठ फूट उंचीचे कपाट असेल तर ओल आपल्याला दोन वर्षे उशिरा कळते, आणि मग ती फर्निचरच्या खिळ्यांमुळे आली की बाहेरून आली यावर वाद सुरू होतो. असे वाद मी जवळून पाहिले आहेत. त्यात कपाट मात्र दरवेळी मालकाच्याच पैशाने उतरवावे लागले.

आता सामानाकडे येतो. माझे शिक्षण खऱ्या अर्थाने २००५ च्या ऑगस्टमध्ये झाले. २६ जुलैच्या पुरात उल्हास नदीचे पाणी बदलापूर, कल्याण परिसरात घरांमध्ये शिरले होते, आणि पुढचे दोन महिने मी नवे काम न करता केवळ भिजलेले फर्निचर उघडत होतो. एकाच चाळीत, एकाच उंचीच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या वस्तू शेजारी शेजारी पाहायला मिळाल्या. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे, म्हणजे पार्टिकल बोर्डाचे टेबल हाताने कुस्करता येत होते. स्वस्त प्लायची कपाटे वरून धड दिसत होती, पण खालच्या फूटभर भागात पदर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. चांगल्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा सनमायका काही ठिकाणी सुटला, परंतु फळी एकसंध राहिली. आणि जुनी सागवानी कपाटे सावलीत, हवेवर, घाई न करता महिनाभर वाळवली तेव्हा त्यांपैकी बहुतेक पुन्हा उभी राहिली. पॉलिश गेले, एखाद्या दाराला बाक आला, पण सांगाडा जागच्या जागी होता. ज्यांनी घाईने ती उन्हात ठेवली त्यांची दारे मात्र तडकली.

यावरून सगळे घर सागाचे करा असा निष्कर्ष मी काढत नाही. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे. गाभ्यात नैसर्गिक तेल आणि कीड दूर ठेवणारी द्रव्ये असतात. सालीलगतच्या पांढुरक्या भागात ती जवळजवळ नसतात, आणि वाळवी तो भाग इतर कोणत्याही लाकडासारखाच खाते. बल्लारशा, आलापल्लीकडचा जुन्या झाडांचा साग, ज्याला बाजारात आजही सीपी साग म्हणतात, त्याचा गाभा मोठा आणि रेषा दाट असते. लागवडीचा, लवकर कापलेला साग स्वस्त मिळतो, पण त्याच्या फळीत पांढरा भाग बराच येतो. म्हणून सागाचे काम करवून घेणार असाल तर पॉलिशपूर्वी, कोरे लाकूड पाहण्याचा आग्रह धरा. रंग चढवल्यावर गाभा आणि पांढरा भाग एकसारखे दिसतात. शिवाय दुकानात ज्याला सागवानी म्हणतात ते कित्येकदा प्लायवर चिकटवलेले सागाचे पातळ पापुद्र्याचे व्हिनियर असते. त्यात वाईट काही नाही, दिसायला ते सुंदरच असते, परंतु त्याची किंमत भरीव लाकडाची देऊ नये.

माझा नियम असा आहे की ज्या वस्तूवर सतत वजन, ओढाताण आणि हालचाल होते तिथे भरीव लाकूड वापरावे. पलंगाची चौकट व पाय, जेवणाचे टेबल, खुर्च्या आणि झोपाळा या वस्तू सागाच्या किंवा तशाच कणखर लाकडाच्या असाव्यात. ज्या वस्तूला मोठी, सपाट पृष्ठे लागतात, म्हणजे कपाटे आणि कप्पे, तिथे प्लायच योग्य, कारण लाकूड हवामानाप्रमाणे आडवे फुगते आणि आकसते, लांबीत ते जवळजवळ हलत नाही. दोन फूट रुंदीची भरीव फळी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सारखी राहत नाही. प्लायमध्ये एकाआड एक पदर आडवा-उभा चिकटवलेला असल्यामुळे ही हालचाल आवळली जाते. जुन्या सुतारांनी हे ओळखूनच दाराच्या चौकटीत पातळ फळी न चिकटवता खाचेत मोकळी बसवली होती, म्हणजे ती फुगली तरी चौकट फाटत नसे.

प्लाय घेताना दुकानदाराच्या वॉटरप्रूफ या शब्दावर विसंबू नका. भारतीय मानकांमध्ये आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक आहे. त्यात एमआर म्हणजे केवळ दमटपणा सोसणारी आणि बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यातही तग धरणारी, अशा प्रती येतात. आयएस ७१० हे मरीन प्लायचे मानक असून त्यासाठी नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे चिकटकाम तपासतात. बाजारात सुतार तिला नुसते ७१० म्हणतात. माझ्या मते ओट्याखाली, न्हाणीघराजवळ आणि फरशीला टेकणाऱ्या प्रत्येक भागाला ७१० घ्यावी, कोरड्या भिंतीवरील वरच्या कप्प्यांना बीडब्ल्यूआर पुरेशी आहे, आणि एमआर प्लाय आपल्या हवेत फक्त भिंतीपासून दूर, सुट्या लहान वस्तूंसाठी वापरावी. प्रत्येक तक्त्यावर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो; तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. माल आला त्या दिवशीच हे करा, कारण तक्ते कापल्यावर छाप कुठल्या तुकड्यावर गेला हे कोणी सांगू शकत नाही. कापलेल्या कडेकडेही पाहा. पदरांमध्ये पोकळ्या दिसत असतील तर तिथे स्क्रू धरणार नाही आणि पाणीही तिथूनच शिरेल.

दुकानातल्या तयार फर्निचरबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. ते पार्टिकल बोर्डाचे आहे की एमडीएफचे, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंच्या दाबलेल्या फळीचे, हे विचारा. अभ्यासाचे टेबल, पुस्तकांचा लहान कप्पा यांसाठी ते चालते आणि भाड्याच्या घरात तर सोयीचे असते. परंतु त्यातला स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही, त्यामुळे घर बदलताना ते एकदा सुटे करून जोडले की डगमगू लागते. सहा-सात फूट उंचीची दारे असलेले कपाट मी त्या सामानात कधीच सुचवत नाही.

काम करणाऱ्याशी बोलताना पुढील मुद्दे लेखी घ्या. पैशांचा आकडा जितका महत्त्वाचा तितकेच हे महत्त्वाचे आहेत. कपाटाला स्वतंत्र पाठ असावी, ती ९ मिलिमीटरची असावी, तिच्या मागच्या बाजूला प्रायमरचे दोन हात किंवा पातळ लॅमिनेट असावे आणि भिंतीपासून ती इंचभर सुटी असावी. पट्ट्या ठोकून ही पोकळी राखता येते, आणि वर-खाली हवा खेळायला जागा सोडली की भिंत श्वास घेते. प्लायची प्रत्येक कापलेली कड, न दिसणारीसुद्धा, बंद केलेली असावी, कारण प्लाय पाणी पिते ते कडेने. लांब दारांना दोन्ही बाजूंनी सनमायका हवा. बाहेरून १ मिलिमीटरचा आणि आतून नुसता रंग, असे केले की दार वर्षभरात धनुष्यासारखे वाकते. सहा फुटांपेक्षा लांब दारांसाठी मी प्लायऐवजी चांगला ब्लॉकबोर्ड, म्हणजे मध्ये लाकडाच्या पट्ट्या भरलेली फळी, वापरतो, त्याच्या आतल्या पट्ट्या उभ्या येतील अशा बेताने, कारण तो अधिक सरळ राहतो. कपड्यांच्या कपाटाची खोली दोन फूट ठेवा, त्याहून कमी केल्यास हँगर दाराला घासतात. पुस्तकांची फळी १८ मिलिमीटरची असली तरी अडीच फुटांपेक्षा लांब, मध्ये आधार न देता, ठेवू नका, ती वाकतेच.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाय. आपल्या घरात फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. कपाटाची खालची पट्टी फरशीला टेकलेली असेल तर ती रोज थोडे पाणी शोषते, आणि तीन-चार वर्षांत खालची चार बोटे फुगून सनमायका सुटतो. दुरुस्तीला मी ज्या कपाटांना जातो त्यांतल्या निम्म्याहून अधिक कपाटांचा रोग हाच असतो. उपाय अगदी स्वस्त आहे: कपाट चार-पाच इंच उंचीच्या प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या पायांवर घ्या, अथवा खाली ग्रॅनाइटची पट्टी देऊन तिच्यावर लाकूडकाम सुरू करा. पायांवर घेतले तर झाडू आत जातो आणि वाळवीने मातीची वाट बांधायला सुरुवात केली तर ती डोळ्यांना दिसते. सातव्या मजल्यावर वाळवी येत नाही हा समज चुकीचा आहे. नळांच्या आणि तारांच्या मार्गाने, दाराच्या चौकटीतून ती कितीही वर चढलेली मी पाहिली आहे.

स्वयंपाकघरात ओट्याखाली, विशेषतः सिंकखाली, उभे आधार आणि तळ कडप्प्याचेच ठेवा आणि प्लायची फक्त दारे करा. कडप्पा दिसायला साधा असला तरी सिंकखालच्या गळतीला त्याच्याइतके चांगले उत्तर मला मिळालेले नाही. ट्रॉल्या स्टेनलेस स्टीलच्या घेताना लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे. ती सर्वस्वी खात्रीची नाही, म्हणून बिलावर ३०४ या स्टीलच्या प्रतीचा उल्लेख मागा.

सोफ्याविषयी दोनच गोष्टी सांगतो. कृत्रिम चामड्याचा सोफा आपल्या हवेत घेऊ नका, असा माझा आग्रह आहे. त्यावरचा प्लास्टिकचा थर दमटपणाने आतून कमकुवत होतो आणि काही पावसाळ्यांनंतर पापुद्रे निघू लागतात. त्यावर कोणतीही दुरुस्ती नाही, पूर्ण कापड बदलावे लागते. काढून धुता येईल असे सुती किंवा मिश्र धाग्याचे आवरण घ्या आणि बैठकीच्या फोमची घनता ४० पेक्षा (घनमीटरला ४० किलो) कमी नसावी, असे लिहून घ्या. आणि सोफा पसंत करण्याआधी लिफ्टच्या दाराची उंची, आतली खोली आणि जिन्याचे वळण मोजा.

मोजण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. ताबा मिळाल्यावर रिकाम्या घरात जुनी वर्तमानपत्रे घेऊन जा आणि पलंग, कपाट, टेबल यांच्या खऱ्या मापाचे कागद फरशीवर पसरा. सहा फूट रुंद गादी दहा फुटांच्या खोलीत ठेवल्यावर दोन्ही बाजूंना किती जागा उरते, कपाटाचे दार उघडल्यावर मधे उभे राहता येते का, जेवणाची खुर्ची मागे ओढायला अडीच-तीन फूट मिळतात का, हे कागदावर चालून पाहिल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे आलेल्या कित्येक कुटुंबांनी हे केल्यानंतर ठरवलेल्या वस्तूंपैकी एक-दोन स्वतःहून कमी केल्या.

बाळाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात ठेवा. प्लाय आणि एमडीएफच्या चिकटद्रव्यातून फॉर्मॅल्डिहाइड नावाचा वायू सुरुवातीच्या महिन्यांत अधिक सुटतो. डोळे चुरचुरतात तो वास त्याचाच असतो. त्यामुळे कमी उत्सर्जनाची, ई-१ किंवा ई-० अशी नोंद असलेली फळी मागा, काम संपल्यावर सर्व दारे आणि खण उघडे ठेवून काही आठवडे खोली खेळत्या हवेवर ठेवा आणि बाळाला त्या खोलीत लगेच झोपवू नका. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश, हे वेळापत्रक मला याही कारणाने पटत नाही. दुसरी गोष्ट, कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या घटकाची जन्मजात कमतरता असते त्यांना त्या वासाचे कपडे गंभीर अपाय करू शकतात, आणि ती कमतरता आहे की नाही हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते. कडुनिंबाचा वाळवलेला पाला पुरेसा आहे आणि ओल शोषणाऱ्या डब्या ठेवायच्या असतील तर बाळाच्या हाताला न लागतील अशा ठेवा. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. येत्या काही महिन्यांत बाळ धरून उभे राहू लागेल आणि खणांना लोंबकळेल. खण उघडे असताना उंच, सुटे कपाट पुढे कलंडू शकते. प्रत्येक उंच वस्तू वरच्या बाजूला कोनपट्टीने भिंतीला बांधा. मागे इंचभर लाकडी ठोकळा घातला की हवेची पोकळीही राहते आणि पकडही बसते.

आता आपल्या ४५ दिवसांच्या प्रस्तावाकडे परत येतो. तो माणूस प्रामाणिकही असू शकेल, परंतु एप्रिल-मेमध्ये सगळे घर एकदम भरण्याला माझा विरोध आहे. गृहप्रवेशापूर्वी ओट्याखालचे काम, एक भरीव लाकडाचा पलंग, एक सुटे कपाट आणि बसायला चार खुर्च्या एवढेच करा. सुटे कपाट पोलादी असले तरी उत्तम. ओलीची भिंत सापडली की ते सरकवता येते. जून ते सप्टेंबर घर पाहा. कोणत्या भिंतीला पोपडे आले, कोणत्या खिडकीतून पाणी आत आले, दुपारचे ऊन कुठवर येते, आपण प्रत्यक्षात कुठे बसता आणि बाळाचे सामान कुठे साठते, याची नोंद ठेवा. विकासकाकडून दुरुस्त्या करून घ्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की भिंतभर कपाटांचे काम काढा. तोपर्यंत भिंतीही सुकलेल्या असतील, लाकूडही, आणि पॉलिशलाही हवामान अनुकूल असेल. पावसाळ्यात पॉलिश करू नये, कारण दमट हवेत लाखेचे किंवा मेलामाइनचे पॉलिश वाळताना पांढरट, धुरकट होते. पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा दहावा हिस्सा काम संपल्यावर महिनाभराने देण्याचे ठरवा. बिजागऱ्या ढिल्या होणे, खण अडकणे या गोष्टी तेवढ्या काळात कळतात.

रोजच्या निगेत फारसे काही नाही. कोरडे फडके, आणि डाग असेल तर पिळून घेतलेले ओलसर फडके, लगेच कोरडे. लाकडावर रॉकेल किंवा खोबरेल तेल चोळू नका. रॉकेलाचा वास जातो तसा त्याचा परिणामही जातो आणि तेलावर धूळ बसून चिकट थर होतो. पावसाळ्यात लाकडी दार घट्ट झाले म्हणून सुताराकडून लगेच रंधा मारून घेऊ नका. जुलैत तासलेल्या दाराला जानेवारीत बोटभर फट पडते. घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळा, आणि हिवाळ्यातही ते घासत राहिले तरच तासा. पलंगाच्या बॉक्सच्या फळीला हवेची भोके ठेवा आणि महिन्यातून एकदा गादी उभी करून तो तासभर उघडा राहू द्या. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, वर्षातून एकदा सर्व कप्पे रिकामे करून बॅटरीच्या उजेडात आतले कोपरे आणि पाठ पाहा. बारीक पिठासारखा भुसा दिसला तर ती भुंगेऱ्यांची खूण आहे, मातीची रेघ दिसली तर वाळवीची; दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून कीटकनाशक मारणाऱ्याला बोलावताना काय दिसले ते नेमके सांगा.

राहिले संगमेश्वरचे कपाट. ते जरूर आणा. आजोबांच्या काळातला साग आज घनफुटाच्या दराने त्या प्रतीचा मिळणे अवघड आहे आणि त्या कपाटाचे सांधे बहुधा कुसू-खाचेचे, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले असतील, त्यामुळे ते सुटे करून पुन्हा जोडता येते. आणण्यापूर्वी पाय आणि पाठ यांवर टाचणीने टोचून पाहा. टाचणी सहज आत गेली तर तो भाग पोखरलेला आहे. जुन्या कपाटांची पाठ पुष्कळदा आंब्यासारख्या हलक्या लाकडाची केलेली असते आणि कीड आधी तिथे लागते. तेवढीच बदलून घ्यावी. चौकट चांगली असेल तर ती टाकून देण्याचे कारण नाही. कोकणातून आणल्यावर ते थेट खोलीत न लावता दोन-तीन आठवडे सावलीत, भिंतीपासून दूर, दारे उघडी ठेवून राहू द्या, मग घासून लाखेचे पॉलिश करा. आतल्या बाजूला पॉलिश करू नका, लाकूड कोरेच राहू द्या. म्हणजे कपड्यांना पॉलिशचा वास लागत नाही. लाखेच्या पॉलिशवर गरम भांडे किंवा पाणी ठेवल्यास पांढरा डाग पडतो, पण तो हिवाळ्यात पुन्हा हात मारून निघतो, ही त्याची मोठी सोय आहे. सुटे कपाट लागणारच आहे, तर पाय आणि पाठ ठीक निघाल्यास एप्रिलमध्ये नवे विकत न घेता हेच आणता येईल. पॉलिश मात्र पावसाळ्याआधी, मेच्या मध्यापर्यंत उरकून घ्या. उंची मात्र आधी मोजा. त्या काळच्या कपाटांचा वरचा कोरीव भाग बहुधा वेगळा उचलता येतो, आणि तो काढला की कपाट लिफ्टमध्ये मावते.